खिडकीपाशी अकरा मिनिटं

दाराच्या कॅमेऱ्याची बॅटरी चार महिने टिकते असं खोक्यावर छापलेलं होतं, आणि एकोणिसाव्याच दिवशी ती एक्केचाळीस टक्क्यांवर आली होती. भिंगरीने फोन टेबलावर पालथा घातला, पुन्हा सुलटा केला, आकडा तोच. बाल्कनीचा कॅमेरा त्र्याण्णव, स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीचा पंच्याण्णव. तिघं एकाच खोक्यातून आलेले, एकाच दिवशी चार्ज झालेले सख्खे भाऊ, आणि थोरल्याचीच तब्येत ढासळलेली. समोर बाबा चहा पीत होते. त्यांना हे कळायचं काही कारण नव्हतं, पण टीव्हीशेजारच्या कॅमेऱ्यांच्या पांढऱ्या डबीवर तांबडा दिवा लुकलुकत होता आणि बाबांचा जन्म तांबडे दिवे बघण्यात गेला होता. ते विम्याचे दावे तपासायचे. कुठे आग लागली, कुठे छत पडलं, की बाबा तिथे टेप घेऊन हजर. “काय इंजिनीयर,” ते म्हणाले, “तुझा पहारेकरी धापा टाकायला लागला की. आमच्यात याला मूळचा दोष म्हणतात. मूळचा दोष असला की दावा नामंजूर.” भिंगरी म्हणाली, “मूळचा दोष नाहीये. मी बघते.” “तू बघच. पण रविवारी ते ॲप माझ्याही फोनवर टाकून दे. कुठेतरी पाणी मुरतंय, मला बघू दे एकदा सगळं पहिल्यापासून.” आतल्या खोलीतून आजोबांनी विचारलं, “कुणाचं पाणी?” आजोबांना कमी ऐकू यायचं, पण नको ते सगळं स्पष्ट ऐकू यायचं.

खरं म्हणजे कॅमेऱ्यांची ही सगळी कथा चपलांपासून सुरू झाली होती. एका दुपारी इमारतीच्या चारही मजल्यांवरून सात जोड गेले. चोराला पारख होती. बाबांचे नवे बूट त्याने नेले आणि शेजारीच ठेवलेले जुने बूट नीट जोडीने भिंतीला लावून ठेवले, जणू काही म्हणत होता की हे तुम्हीच ठेवा. बाबांना बूट गेल्यापेक्षा तो जुना जोड नीट लावून ठेवल्याचं जास्त लागलं. दोन दिवस ते त्याच बुटांतून कामावर गेले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, कॅमेरा बसवायचा. भिंगरी म्हणाली, कुठला? बाबा म्हणाले, कुठला म्हणजे, कॅमेरा. आणि मग भिंगरी बोलायला लागली ती वीस मिनिटं थांबली नाही. तारेचा की बिनतारी. तारेचा घ्यायचा तर भिंती फोडाव्या लागणार. बिनतारी घ्यायचा तर बॅटरी, आणि लोखंडी दारातून पलीकडे वाय-फाय पोचतं का तो प्रश्न. चित्रं कुठे साठवायची, घरातल्या डबीत की कंपनीच्या कुठल्यातरी लांबच्या खोलीत, जिथे आपली दारं-खिडक्या परके लोक बघू शकतील. अंधारात दिसतं का. माणूस आणि मांजर यांत फरक कळतो का. आई ताटात भात वाढता वाढता थांबली आणि भिंगरीकडे बघायला लागली, आणि बाबा म्हणाले, “हिला कुणी शिकवलं हे?” कुणीच शिकवलं नव्हतं. एका रात्रीत तिने तेरा कॅमेऱ्यांचा तक्ता केला होता.

वर्षभरापूर्वीची भिंगरी वर्गात हात वर करायची तेव्हा कोपर बाकाला टेकवूनच ठेवायची, म्हणजे बाईंनी नाही बघितलं तर हात वर नव्हताच असं म्हणता यावं. नाव भिंगरी, कारण लहानपणी एका जागी ठरायची नाही. पण मधली काही वर्षं ती भिंगरी कुठेतरी कपाटाखाली जाऊन पडली होती. मग यंदा एकाएकी काय झालं कुणास ठाऊक. उंची वाढली, आवाजाला पाय फुटले, आणि आपण बोललेलं लोक ऐकतात हा शोध तिला लागला. शोध लागल्यावर माणूस करतं तेच तिने केलं, म्हणजे बोलत सुटली. दुकानात दुकानदार बाबांकडे बघून सांगत होता आणि मधूनच हिच्याकडे बघून हसत होता. “साहेब, हा घ्या, एकदम डोळ्यांत तेल घालून.” तेव्हा भिंगरीने विचारलं होतं, इंटरनेट बंद पडलं तर हा स्वतःपाशी किती वेळ साठवतो? दुकानदाराने खोकं उलटं करून वाचलं. बॅटरी काढून चार्ज करायची की अख्खा कॅमेरा उतरवायचा? दुकानदाराने दुसरं खोकं काढलं. शेवटी तो बाबांना म्हणाला, “साहेब, ताईंना इथेच ठेवून जा, माझं दुकान चालेल.” घरी येताना बाबांनी खोकं स्वतः धरलं नाही, तिच्या हातात दिलं. त्या खोक्याचं वजन तिला अजून दंडात आठवत होतं. बसवतानाही तीच सेनापती. बाबा कॅमेरा हातात घेऊन पॅसेजमध्ये पाऊल पाऊल मागे सरकत होते, ही आतून ओरडत होती, “थांबा, रेंज गेली, अर्धं पाऊल पुढे,” आणि बाबा, ज्यांच्या एका सहीसाठी लोक महिनोन्महिने हेलपाटे घालतात ते बाबा, अर्धं पाऊल पुढे येत होते.

आई त्या दिवशी उशिरा आली होती. बाबांना भिंगरीने अर्धा तास समजावलं होतं, आजोबांना दोनदा, समोरच्या काकूंनी विचारलं नव्हतं तरी त्यांनाही. आईला तिने एका वाक्यात उरकलं, कारण तोवर तिचं सांगून सांगून तोंड दुखायला लागलं होतं आणि आई अजून पर्स खांद्यावरून काढतच होती. “आई, तो काळा गोळा दिसतोय ना दारावर, बेल वाजवली की तो जागा होतो.” आई म्हणाली, “बरं,” आणि ओट्याकडे गेली. ते खरं नव्हतं. गोळा हालचालीने जागा होत होता, समोर माणूस आला की लगेच, बेलशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण आईला काय, तेवढं पुरे, असं भिंगरीला वाटलं होतं. वाटलंसुद्धा नव्हतं. आईच्या बाबतीत काही वाटण्याइतकं कुणी थांबायचंच नाही.

तर बॅटरी. भिंगरीने शुक्रवारी शाळेतून आल्यावर आजवरच्या सगळ्या नोंदी काढल्या. तिचा संशय समोरच्या काकूंच्या मांजरावर होता. संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेतले इशारे तिने पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकले होते, कारण त्या वेळात घरचीच माणसं येतात आणि घरच्या माणसांसाठी फोन थरथरत राहिला की अभ्यासातून लक्ष उडतं. इशारे बंद केले तरी टिपणं चालूच होतं. आणि पडद्यावर दिसलं ते असं की दिवसभरात दाराला चार-पाच ठिपके, दूध, शाळा, कामवाल्या मावशी, आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला एकाला एक चिकटलेल्या ठिपक्यांची मुंग्यांसारखी रांग. रोज. कॅमेरा एका वेळी अर्धं मिनिट टिपायचा, क्षणभर डोळे मिटायचा, समोर अजून कुणी आहे म्हणून पुन्हा जागा व्हायचा. रोज वीस-वीस, बावीस-बावीस वेळा. बॅटरी खाणारं मांजर सापडलं, असं म्हणत तिने पहिला ठिपका दाबला, आणि आई जिना चढून वर आली. वर आली, दाराकडे आली नाही. पॅसेजच्या टोकाला खिडकी होती, तिथे गेली. पर्स चपलांच्या कपाटावर ठेवली. सँडल काढल्या. अनवाणी पाय फरशीवर ठेवून, पाठ भिंतीला लावून उभी राहिली. बस. पुढच्या अर्ध्या मिनिटात उभी. त्याच्या पुढच्यात उभी. एकदा उजव्या पायाने डाव्या पायाची पोटरी चोळली. अकराव्या मिनिटाला तिने सँडल पुन्हा घातल्या, पट्टे लावले, पर्स खांद्याला अडकवली, दारापाशी येऊन बेल वाजवली, आणि दार उघडल्यावर उंबऱ्याशी वाकून सँडल काढल्या, जणू आत्ताच आली.

भिंगरीने दुसरा दिवस लावला. नऊ मिनिटं. तिसरा. बारा. तिला वाटलं आई फोनवर बोलत असेल, रडत असेल, काहीतरी असेल. कथांमध्ये काहीतरी असतं. काहीही नव्हतं. आई वाट बघत नव्हती, लपत नव्हती, तिचा चेहरा दुःखी म्हणावा असाही नव्हता. तो कुणाचाच चेहरा नव्हता. भिंगरीला जे चेहरे माहीत होते ते सगळे कुणाच्या तरी दिशेने केलेले होते, ऐकणारा, रागावलेला, भाजी चिरताना मान न वळवता हं म्हणणारा. हा चेहरा कुणाकडेच बघत नव्हता. तिला एकदम अवघडल्यासारखं झालं, जसं चुकून कुणाच्या बाथरूमचं दार उघडलं तर होतं. तरी तिने पुढचं बघितलं. आणि मग बाराव्या दिवसाचं बघितलं. त्या दिवशी आई सव्वासहाला आली, सँडल काढून उभी राहिली, सहा वीसला सँडल घातल्या, पर्स घेतली, दारापर्यंत आली. हात बेलपाशी नेला. तिथेच ठेवला. आणि मग वळून खाली गेली. जिन्यावर तिच्या डोक्याचा मागचा भाग एकेक पायरीने बुडत गेला आणि चित्रात नुसतं पायपुसणं उरलं. पुढची नोंद सहा अठ्ठावन्नची होती. परत आली होती, हातात ब्रेड होता. भिंगरीला तो ब्रेड आठवत होता. घरात एक ब्रेड असताना दुसरा कशाला आणलास असं तिनेच विचारलं होतं.

मधली अडतीस मिनिटं आई कुठे होती ते कुठल्याच कॅमेऱ्यात नव्हतं. भिंगरीने बेलपाशी थांबलेल्या हाताचा तुकडा पुन्हा लावला आणि या वेळी आवाज वाढवला. गोळ्याला कान होते, हे तिनेच तक्त्यात लिहिलं होतं: आवाज टिपतो, होय. आधी नुसता टीव्ही ऐकू आला, आजोबांच्या कानाला लागतो तेवढा मोठा. मग दाराच्या आतून बाबा: “ती आली की विचार, माझ्याकडे नाहीये.” मग आजोबा: “सूनबाई आली का? माझा चष्मा.” मग एक तिसरा आवाज, चिरका, भरभर, शेवटचा शब्द ओढणारा: “आईला येऊ तर दे, मग आई करेल ना, मला काय माहीत, आईला माहीत असेल सगळं.” इतकं कर्कश कोण बोलतंय असं भिंगरीला क्षणभर खरोखर वाटलं. आई कान तपासायच्या दवाखान्यात काम करायची. दिवसभर एकेका माणसाला आवाज न पोचणाऱ्या केबिनमध्ये बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं आणि सांगायचं, बारीकसा जरी आवाज ऐकू आला तरी बटण दाबा. लहान असताना भिंगरी त्या केबिनमध्ये बसली होती. आवाज आला की बटण, आवाज आला की बटण, आणि काचेपलीकडे आई मान डोलवत होती. आता इथे आईला सगळं ऐकू येत होतं आणि बटणाजवळ गेलेला तिचा हात खाली आला होता. एखाद्या दिवशी आई अशीच खाली उतरली आणि सहा अठ्ठावन्नची नोंदच आली नाही तर? असं काही होणार नाही हे तिला माहीत होतं. पण खोक्यावरही चार महिने लिहिलेलं होतं.

त्याच शुक्रवारी सव्वासहाला तिने इशारे चालू केले आणि दाराला पाठ लावून बैठकीत जमिनीवर बसली. फोन थरथरला. मुख्य दार: व्यक्ती दिसली. पडद्यावर आई खिडकीपाशी गेली, सँडल काढल्या. दार मध्ये होतं म्हणून, नाहीतर दोघींत दहा पावलांचं अंतर नव्हतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात माइकचं छोटं चित्र होतं. ते दाबून धरलं की आपला आवाज बाहेरच्या गोळ्यातून येतो. ही सोय भिंगरीने हट्टाने घ्यायला लावली होती. अंगठा त्या चित्रावर गेला. आई, एवढंच म्हणायचं होतं. पण आई म्हटलं की तिला नेहमी पुढे काहीतरी लागायचं, आई मोजे, आई सही, आई पाणी. नुसतं आई म्हणून वाक्य संपवायची सवयच नव्हती. तिने अंगठा उचलला. “कोण आलंय का गं?” आजोबांनी आतून विचारलं. “नाही आजोबा,” ती म्हणाली, “कुणी नाही.” आणि पडद्यावरच्या कुणी नसलेल्या बाईने डोकं भिंतीला टेकवलं. हे रविवारी बाबांच्या फोनवर जाणार होतं. बाबा वाईट नव्हते. ते नुसतं विचारतील, जेवताना, भात कालवता कालवता: “का गं, तू बाहेर उभी असतेस म्हणे?” तेवढं पुरेल. मग आई म्हणेल, छे, जरा दम खात होते. आणि दुसऱ्या दिवसापासून जिना चढून थेट बेल वाजवेल, कारण आई अशीच होती. आणि ती अकरा मिनिटं घरात कुठेच सापडणार नाहीत. घरात जागाच नव्हती तेवढी.

शनिवारी दुपारी तिने गोळ्याची बॅटरी काढून चार्जिंगला लावली आणि ॲपमध्ये शिरली. तिथे एक सोय होती: चित्रावर चौकटी आखलेल्या असतात, ज्या चौकटीतली हालचाल मोजायची नाही तिच्यावर बोट फिरवायचं, ती करडी होते. रस्त्यालगत राहणाऱ्यांसाठी ही सोय असते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वगळायला. भिंगरीने जिन्याचा वरचा टप्पा करडा केला. मग खिडकी. मग खिडकीखालची फरशी, चौकट चौकट करत, चपलांच्या कपाटापर्यंत. उरलं फक्त पायपुसणं आणि दार. आवाजाचं टिपणंही तिने बंद करून टाकलं. मग एकोणीस दिवसांच्या संध्याकाळी निवडल्या. ‘कायमच्या काढून टाकू का?’ ॲपने विचारलं. तिने होय म्हटलं, आणि त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा जरा वेळ लावून पुन्हा होय म्हटलं. बाबा खांद्यावरून वाकले. “सापडलं का पाणी?” “सापडलं. खिडकीतून ऊन येतं ना संध्याकाळचं, ते हलतं. त्याला वाटतं माणूस आहे. तो कोपरा मी वगळला.” बाबांनी भुवया वर केल्या, दावे तपासणारा माणूस होता तो. “आणि चोर त्याच कोपऱ्यात येऊन उभा राहिला तर?” “चोर नुसता उभा राहायला येतो का बाबा? त्याला दारापाशी यावंच लागतं.” बाबांनी थोडा विचार केला. “मुद्दा बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि आजोबांच्या खोलीकडे तोंड करून, “ऐकलंत का, आपली भिंगरी चोराच्या डोक्याने विचार करते.” “घरात एक तरी करणारं हवं,” आजोबा म्हणाले. महिनाभरापूर्वी या वाक्यावर भिंगरी दिवसभर फुलून फिरली असती. आता तिला ते नुसतं ऐकू आलं.

सहाला बॅटरी बसवून ती चाचणीसाठी बाहेर गेली. दार ओढून घेतलं आणि फोन हातात धरून खिडकीपाशी उभी राहिली. थरथरला नाही. हात हलवले, उडी मारली, एक फेरी नाचून घेतली, फोन गप्प. मग करण्यासारखं काही उरलं नाही, तशी ती चपला काढून भिंतीला टेकली. फरशी थंड होती. आत टीव्ही चालू होता. दारातून तो घरच्यासारखा ऐकू येत नव्हता, दुसऱ्या कुणाच्या घरातला वाटत होता. बाबा म्हणाले, “कात्री कुठे असते आपल्याकडे?” आजोबा म्हणाले, “ती आली की सांगेल.” भिंगरीला कात्री कुठे असते ते माहीत होतं. ती काहीच बोलली नाही, कारण ती तिथे नव्हती. हे इतकं सोपं होतं. खिडकीतून खालच्या रस्त्यावर एक माणूस सायकल दुरुस्त करत बसलेला दिसत होता, त्याचं चाक फिरत होतं, थांबत होतं, फिरत होतं, आणि किती वेळ गेला ते कळलं नाही.

“किल्ली विसरलीस का?” आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिचा चेहरा लगेच आईचा झाला; भिंगरीने तो होताना बघितला. “नाही. बॅटरी बसवायला आले होते.” “बसली?” “बसली.” आई दाराकडे वळली. “आई,” भिंगरी म्हणाली, आणि पुढे काही मागायचं नव्हतं म्हणून वाक्य अडखळलं. “मी तुला चुकीचं सांगितलं होतं. तो बेलच्या आधीच जागा होतो. माणूस दिसला की.” आई वळली नाही. तिने वर त्या काळ्या गोळ्याकडे बघितलं, मग खाली पायपुसण्याकडे, आणि तिच्या कानाची पाळी हळूहळू लाल होत गेली. “आता नाही होत,” भिंगरी घाईने म्हणाली. “आता फक्त पायपुसण्यावर पाय पडला तरच. खिडकीपाशी त्याला काही दिसत नाही. मागचं सगळं काढून टाकलंय मी. ऐकूही येत नाही त्याला.” मग आईने विचारलं, “बाबांनी बघितलं?” “नाही.” “तू?” भिंगरीने होकारार्थी मान हलवली. खोटं बोलता आलं असतं, अलीकडे चांगलं जमत होतं. आईने एक लांब श्वास सोडला आणि पर्स चपलांच्या कपाटावर ठेवली. “ब्रेडचं विचारलं होतंस त्या दिवशी,” ती म्हणाली, “बसस्टॉपवर बसले होते जरा. रिकाम्या हाताने यावंसं वाटेना.” मग ती वाकली, सँडलचे पट्टे सोडले, आणि खिडकीपाशी आली. भिंगरी बाजूला झाली. ती जागा दोघींपुरती नव्हती. “तू जा आत,” आई म्हणाली. “येते मी.”

भिंगरी आत आली आणि दार आवाज न करता लावलं. ड्रॉवरमधून कात्री काढून बाबांच्या हातात दिली. “सूनबाई आली का?” आजोबांनी विचारलं. “नाही अजून. चष्मा तुमच्या उशीखाली आहे.” मग तिने रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज बराच खाली आणला. “कमी का केलास?” आजोबा खेकसले. “मला इथे ऐकू येत नाही.”

“बाहेर ऐकू जातं,” भिंगरी म्हणाली.